कडू कारले, डोईफोडियावाले

लीलाधरनानांच्या अंगावर पहिलवानाला धरायला जागाच नव्हती. हाडं होती, हाडांवर सदरा होता, सदऱ्याच्या खिशात शाईचं पेन होतं आणि उजव्या नाकपुडीवर एक बारीकसा तीळ. बस्स. बुऱ्हाणपूरच्या नगरपालिकेत ते जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचे. "माणूस येताना मला सांगून येतो, जाताना मला सांगून जातो," असं म्हणायचे, आणि मधल्या काळात तो काय करतो याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही असा चेहरा करायचे. तो चेहरा खोटा होता. माणसं कशी चालतात, कशी खाकरतात, पोराचं नाव सांगताना कशी लाजतात, हे सगळं ते टेबलामागून टिपायचे आणि गणपतीत लोधीपुऱ्याच्या मांडवात बाहेर काढायचे.

नाना माझ्या आईचे काका. त्यांची ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली, आणि ते जिथं जिथं हात राखून सांगायचे तिथं तिथं त्यांच्या पत्नी कोकिळाकाकूंच्या तोंडून.

साल छप्पन्न. भाषेवारी राज्यं होत होती आणि बुऱ्हाणपूर हिंदी मुलखात राहणार होतं. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला निघाली होती. पालिकेतले मराठी फॉर्म माळ्यावर जायचे होते. निम्मे ओळखीचे लोक नागपूरकडं बदली मागत होते आणि उरलेले, आपण इथं कोण, असा विचार करत चहा गार करत बसले होते. गावाला त्या वर्षी धड हसू येत नव्हतं. अशात गणपतीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी नाना मांडवात आले. पायजम्यावरून लाल लंगोट, हातात रॉकेलचं नरसाळं. नरसाळं तोंडाला लावलं आणि एकट्यानं कुस्त्यांची अख्खी दंगल उभी केली.

"आ रहे है, आ रहे है! राजघाट की मिट्टी के शेर, पहिलवान केळाप्पा सालघसरे! इनके सामने खडे है, धावण्यात देशात पहिले, पोचण्यात शेवटले, थांबाराव दमकर! और गोळा फेक के वापस लाने वाले एकमेव खिलाडी, गोळाराम विसरभोळे!"

प्रत्येक नावासरशी नाना बदलायचे. केळाप्पा आखाड्यात उतरतानाच घसरायचा. दमकर सुरुवातीच्या रेघेवरच बसून विडी मागायचा. लोक मांड्या बडवत होते. मग सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून, डोळे बारीक करून:

"और अब दिल थाम के बैठिये. कडू कारले, डोईफोडियावाले!"

हा कडू कारले छाती फुगवून यायचा, शड्डू ठोकायचा, अशी गर्जना करायचा की पुढची पोरं मागं सरकायची. समोरच्याचा हात धरायची वेळ आली की मात्र मान वळवून बायकांच्या बाजूला बघायचा आणि बारीक आवाजात विचारायचा, "माय वं... लागनार तं नाई ना?"

मांडव कोसळायचाच बाकी होता. उठून चाललेले म्हातारे परत बसले.

दोन दिवसांनी दुपारी नंदकुमार पालिकेत आला. हा मंडळाचा पेटीवाला, नानांचा लहानपणचा दोस्त. येऊन टेबलाला टेकला.

"जन्म का मृत्यू?" नानांनी वही उघडत विचारलं.

"ते तुझ्यावरच हाय."

"म्हणजे?"

"लीलाधर, डोईफोडियात कडू नावाचा पहिलवान हाय."

"असेल."

"असेल नाई, हाय. दोन वर्सं झाली, खकनारपासून इकडल्या सगळ्या कुस्त्या मारू राह्यला. परवा बाजाराले आलेलं कोनीतरी मांडवात बसलं व्हतं. त्यानं गावात जाऊन तुझी नक्कल करून दाखवली म्हने. त्या कडूच्या घरासमोर."

नानांनी पेन बंद केलं. "अरे, मी नुसतं यमकासाठी घेतलं ते नाव. कारले, डोईफोडियावाले..."

"त्याले यमक समजत नाई भो. त्याले धोबीपछाड समजते."

"आणि... मायचं?"

नंदकुमारनं इकडंतिकडं पाहिलं. "तेच तं. चार लेकरं गेल्यावर झालेला हाय तो. बाप बी नाई. नुस्ती माय. तुझं घर इचारू राह्यले म्हने दोघं."

नाना म्हणायचे, मार खायची भीती वाटली हे खरंच, पण त्याआधी नजर वहीवर गेली. समोरच्या वहीत अकरा वर्षांची नावं त्यांच्याच अक्षरात होती. दगडू, धोंडू, उकिर्डा, कडू. लेकरं जगत नाहीत म्हणून मायबाप असलं नाव ठेवतात, की मरणानं ऐकावं आणि नाक मुरडून पुढच्या दारी जावं. हे त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? लिहून लिहून बोटाला घट्टा पडला होता. आणि त्याच नावावर त्यांनी पाचशे माणसं हसवली होती.

घरी आल्यावर कोकिळाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अख्ख्या निमाडात दुसरं गाव नव्हतं का हो? डोईफोडिया! नावातच लिहिलंय ते काय फोडतात, आणि तुम्ही तिथंच चालले हसायला!"

"मी त्याला गोडू गाजर करतो. गाव पण बदलतो."

"करा. आणि तो आला की म्हणा, भाऊ, थांब, तू आता गाजर आहेस."

तीन दिवस नाना पालिकेत आडरस्त्यानं गेले. मंडळाची माणसं आली. शेवटल्या दिवशी परत तीच दंगल करा, लोक मागताहेत. नानांनी लंगोट घडी करून ट्रंकेत ठेवला आणि सांगितलं, "माझी दंगल बंद. पुढल्या वर्षीपासून भजन म्हणीन." माणसं हसली. त्यांना वाटलं, हीही नक्कलच.

काकूंना तेवढं कळलं की ही नक्कल नाही. त्या दिवसापासून त्यांनी टोमणे थांबवले. वर्षभर हा माणूस त्या नोंदवहीत मान घालून बसतो तो या एका संध्याकाळच्या आशेवर, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? "भजनाला बसलेला तुमचा नाना," त्या मला म्हणाल्या, "म्हणजे मीठ काढून घेतलेली भाकर."

रविवारी सकाळी नाना दाढीला बसले होते. आरशात मागचा दरवाजा दिसत होता, आणि दरवाजा एकाएकी काळा झाला. खांद्यांनी चौकट भरली होती. एका खांद्यावर भरलेलं पोतं. त्याच्या पुढं त्याच्या कोपराएवढी एक बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात चपला.

"लीलाधरबाबू हेच का?"

नानांच्या अर्ध्या गालाला साबण होता. "तो... तो बाहेर गेलाय," ते म्हणाले.

"हेच," काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या. "या, बसा."

बाई बसली. "म्या सोजर. हा कडू."

कडू बसला तेव्हा पाटाला आवाज आला. त्यानं पोतं खाली ठेवलं. त्यातून मक्याची कणसं घरंगळली. नानांनी मनातल्या मनात त्या पोत्यात स्वतःला दोनदा घालून पाहिलं होतं.

"चुकलं माझं," ते एका दमात बोलले. "मला ठाऊक नव्हतं असा कुणी आहे. त्या नावाची नक्कल मी बंद केलीय. पुन्हा करणार नाही. शपथ."

"बंद?" सोजरबाईनं चपला खाली टाकल्या. "कायले बंद? आम्ही येवढ्या लांबून पाह्याले आलो ना!"

"पाह्याला?"

"मंग! बाबू, तुमाले काय सांगू. दोन वर्सं झाली, हा जितते अन् गाव याले खांद्यावर घेते. वाघ म्हनते. गजराज म्हनते. एक म्हनते, सोजरे, असं पोर पंचक्रोशीत नाई. मले राती डोया लागत नाई." तिनं पदर तोंडाला लावला. "म्या याचं नाव कडू कायले ठुलं? कोनाच्या डोयात भरू नये म्हनून. अन् हे सारे मिळून त्याले गोड करू राह्यले! तेवढ्यात तो बाजारवाला आला. तुमची नक्कल करून दाखवली. सारं गाव हसलं याच्यावर, पोट धरू धरू हसलं. तवा कुठं माह्या जिवाले थंड वाटलं."

नाना काकूंकडं बघत राहिले. काकू परातीकडं.

"करा ना," सोजरबाई म्हणाली. "याच्या समोर करा. याले बी हसू द्या."

एका गालाला साबण, अंगात गंजीफ्रॉक, अशा अवतारात नानांनी त्या दिवशी जी नक्कल केली तेवढी अवघड आयुष्यात दुसरी केली नाही. चारच प्रेक्षक: ती माय, काकू, चुलीवरचा चहा आणि तो डोंगर. शड्डू ठोकला तो ओल्या कपड्यासारखा वाजला. "माय वं, लागनार तं नाई ना" म्हणताना त्यांची नजर जमिनीवरच होती. सोजरबाई खुदकली. कडूचा चेहरा हलला नाही.

मग तो उठला. नाना भिंतीला टेकले.

"चुकलं," कडू म्हणाला.

"हो, मी म्हणतोय तेच, माझंच..."

"शड्डू चुकला, बाबूजी. तळवा उघडा नाई ठेवत. खोलगट करा लागते. असा."

आणि त्यानं आपल्या मांडीवर एक ठोकला. फडताळातलं पितळी पातेलं खाली आलं. शेजारच्या विमलनं पलीकडून ओरडून विचारलं, "कोकिळाबाई, काय पडलं वं?" काकू म्हणाल्या, "काही नाही, नक्कल चाललीय!" आणि त्या वाक्यावर आधी कडू फुटला. हसला तो तोंडावर हात घेऊन, लहान पोरासारखा, खांदे गदगदा हलवत. मग बाकीचे. नाना म्हणायचे, तीन दिवसांचा छातीवरचा धोंडा त्या पातेल्याबरोबर खाली पडला.

चहा पिताना सोजरबाई नानांकडं निरखून बघत होती. एकदम तिनं बोट पुढं केलं. "हा तीळ नव्हं. तुमचं नाक टोचलेलं हाय."

काकूंनी बशी खाली ठेवली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांना तीळ म्हणूनच सांगितलं होतं.

नानांनी नाकावर हात नेला, मग काढला. "माझ्याआधीचे तिघे भाऊ गेले," ते म्हणाले. "आईनं नाकात मुरणी घातली, मरणाला पोरगी वाटावी म्हणून. घरात नथ्याच म्हणायचे. लीलाधर हे नाव शाळेतल्या मास्तरांनी दिलं."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "नथोबा!"

"तरीच," सोजरबाई म्हणाली. "आपल्यातलाच हाय."

शेवटल्या दिवशी लोधीपुऱ्यात दंगल झाली. पुढच्या सतरंजीवर एकट्या कडूनं चौघांची जागा अडवली होती. या खेपेला शड्डू असा वाजला की पेटीवर बोटं ठेवून बसलेला नंदकुमार दचकला आणि भलताच सूर लागला. कडू कारलेच्या समोर त्या दिवशी एक नवा पहिलवान आला, बारीक, नाकात बोलणारा: नथोबा नाकतुटे, लोधीपुरावाले. त्याला कडू कारलेनं फुंकर मारून पाडलं. लोक नथोबावर जास्त हसले. नाना म्हणायचे, हसलेच पाहिजेत, तो मी जास्त चांगला केला होता.

नव्या राज्यातली पहिली दंगल दिवाळीनंतर तापीच्या वाळवंटात, राजघाटाशी भरली. पुकारा करायला नानाच होते, नरसाळ्यासकट. कडूनं चौथ्या मिनिटाला समोरच्याला आभाळ दाखवलं. गर्दी उठली. "वाघ! वाघ रे वाघ!" नानांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. सोजरबाई उभी होती, दोन्ही मुठी आवळून, तोंडाचं पाणी पळालेलं.

नानांनी नरसाळं उचललं.

"वाघ कसला? कारलं आहे, कारलं! विचारा त्याला, मायला विचारून आला का?"

वाळवंटभर हशा पसरला. मातीनं माखलेल्या कडूनं तिथूनच ओरडून उत्तर दिलं, "माय वं, लागलं नाई!" आणि हशा दुप्पट झाला.

सोजरबाईच्या मुठी उघडल्या. गर्दीतून वाट काढत ती आली, आधी लेकाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग वळून नानांच्याही. बोटं कडाकडा वाजली.

"लई झालं आता, नथ्या," ती म्हणाली. "भोंगा खाली ठेव अन् पानी पी. घसा पाह्य कसा झाला."