उस्तादाचं उघडं दार

माझा नवरा ड्रायव्हर झाला नाही. माझ्यामुळे झाला नाही, असं तो मरेपर्यंत सांगत होता, आणि ते खरं आहे. मी चौथीपर्यंत शिकले. गोष्ट फुलवून सांगता येत नाही, म्हणून झाली तशी लिहिते.

आणीबाणी उठली त्या सुमाराला आम्ही करडीकडचं गाव सोडून तुमसरच्या पलीकडे मँगनीजच्या खाणीवर कामाला गेलो. घरच्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दिराच्या हवाली केल्या. खाणीवर नवरा फावडं मारायचा आणि मी रेजा होते. रेजा म्हणजे घमेल्यानं माल वाहणारी बाई. आम्ही पाच जणी मिळून ट्रक भरायचो, मग त्याच दगडांवर बसून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत जायचो आणि तिथं तो रिकामा करायचो. वाटेत एक लांब उतार होता. उताराच्या तळाला रस्ता एकदम उजवीकडे वळायचा आणि समोर तलाव. वळण सुटलं तर गाडी थेट पाण्यात. तोवर तिथं कोणी पडलं नव्हतं. तरी उतार लागला की आम्हा बायांचं बोलणं आपोआप बंद व्हायचं.

माल वाहायचा ठेका ज्या कंपनीकडे होता, तिच्याकडे बाहेरचे ड्रायव्हर टिकत नव्हते. म्हणून कंपनीनं फावडेवाल्यांतलेच दोघं निवडले. सहा महिने शिकवायचं, लायसन काढून द्यायचं आणि गाडी हातात द्यायची. एक माझा नवरा. दुसरा बपेरा गावाकडचा, तोंडानं फटकळ, पण मनात काही न ठेवणारा. त्याची बायको आमच्याच पाच जणींत होती.

शिकवणारा उस्ताद परमुलखातला, हिंदी बोलायचा. दोन महिने त्यानं या दोघांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. गाडी धुवा, ग्रीस भरा, चाकातली हवा बघा. मग पटांगणात दगड मांडून त्यांच्यामधून गाडी मागे-पुढे. दगडाला चाक लागलं की पाठीत रपाटा. माझा नवरा घरी आला की परात हातात घ्यायचा आणि जमिनीवर तीन विटा मांडायचा. एक क्लच, एक ब्रेक, एक रेस. भात वाढून ठेवला तरी त्याचे पाय विटांवरच. लग्नातही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. फावड्याच्या धुळीनं त्याची छाती भरली होती, सारखा खोकायचा. ड्रायव्हर झाला की फावडं सुटणार होतं आणि कंपनीची खोली मिळणार होती. मलाही ती खोली हवी होती. खोटं कशाला बोलू.

एक दिवस परात फिरवता फिरवता त्यानं उजवा हात काढला आणि बाजूला हवेत धरून ठेवला.

"हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"उतार लागला. उस्ताद सांगते, उतारावर एक हात दाराच्या कडीवर ठेव."

"आन गाडी एका हातानं वळते?"

"तुले नाही समजत त्यातलं," तो म्हणाला.

सांडलेला माल झाडून गोळा करायचं काम रेजांचंच. मी झाडू घेऊन शिकवायच्या ट्रकखाली शिरले, तेव्हा मागच्या डाव्या चाकाच्या आतून ओल आलेली दिसली. त्यावर काळी धूळ चिकटून लेप झाला होता. बोट लावून पाहिलं, पाणी नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "ब्रेकचं तेल आहे. रोज सकाळी भरतो आमी. दोनदा पाय मारला का लागते ब्रेक."

"दुरुस्त काहून नाही करत?"

"गाडी दोन दिवस उभी राहीन. कंपनीले परवडत नाही. तू तोंड बंद ठेव. शिकणाऱ्यानं गाडीची चुगली केली त उस्ताद म्हणते, हा गाडीले घाबरते. मग पुन्हा फावडं."

मी तोंड बंद ठेवलं. महिनाभर ठेवलं. रोज झाडायला जायची आणि रोज ओल बघायची. ती वाढत होती. आधी चाकावर होती, मग थेंब खाली पडायला लागले.

त्याच महिन्यात एकदा आमचा ट्रक शिकाऊ ट्रकच्या मागून निघाला. मी मालावर उंच बसले होते, पुढची गाडी पूर्ण दिसत होती. स्टिअरिंगवर माझा नवरा, डाव्या बाजूला उस्ताद. उतार सुरू झाला आणि उस्तादाचं दार उघडलं. पूर्ण नाही, वीतभर. त्यातून त्याचा पाय बाहेर आला आणि पायरीवर टेकला. उतार संपेपर्यंत तो तसाच बसला होता. वळण घेऊन गाडी सपाटीवर आली तेव्हा पाय आत गेला आणि दार लागलं.

मी शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, "रुबाब आहे वो बाई त्याचा. हवा खाते."

पौष महिन्याची हवा अंग कापून काढत होती. ती कोण खाईल?

आता त्या उस्तादाची एक रीत सांगते. कंपनीच्या कागदात ती नव्हती, पण तो जिथं शिकवायचा तिथं ती चालायची. शिकणाऱ्याची शेवटची परीक्षा भरल्या गाडीची, आणि त्या दिवशी मालावर त्याची स्वतःची बायको बसलीच पाहिजे. "घरवाली ऊपर रहेगी तो पैर अपने आप सीधा पड़ेगा," असं म्हणून तो हसायचा. बायाही हसायच्या. परीक्षेच्या दिवशी बायको नवं लुगडं नेसून यायची, नवरा चाकाला नारळ फोडायचा. माझ्यासाठीही नवऱ्यानं मोहाडीच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलं होतं.

परीक्षा सकाळची होती. पहिली पाळी माझ्या नवऱ्याची. नारळ फुटला, खोबरं वाटलं. बाकीच्या चौघी वर चढल्या. मी चाकाजवळ गेले. तेलाचा थेंब पडत होता, मी बघता बघता दुसरा पडला.

"चढा वहिनी," बपेऱ्याकडचा ओरडला, "का क्रेन आनू तुमाले उचलाले?"

सगळे हसले. नवराही हसला. मी चढले नाही.

"चढ," नवरा म्हणाला.

"आधी उस्तादले विचारा, उतारावर तो दार काहून उघडं ठेवते."

हसणं थांबलं. उस्तादाला मराठी नीट येत नव्हती, पण दार एवढा शब्द त्याला कळला. त्याचा चेहरा बदलला. मी त्याच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "तुमी उडी माराले पाय बाहेर काढून बसता. आमी वरून कुठं उडी मारायची?"

नवरा खाली उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझी इज्जत घेऊ नको. चढ. मी सांभाळतो."

 ब्रेक दोनदा मारल्यावर लागतो हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी म्हणाले, "नाही चढत."

उस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "जिसकी औरत को भरोसा नहीं, उसको कंपनी गाड़ी कैसे देगी? उतर जाओ भाई. अगला."

एवढ्यावर संपलं. सहा महिने गेले. नवऱ्याला त्यानं तिथंच फावडं धरायला लावलं. बपेऱ्याकडचा स्टिअरिंगवर बसला. त्याची बायको वरच होती. मी खालून म्हणाले, "बाई, उतर. चाकातून तेल गळून राहिलं."

"तुझ्या नवऱ्याचा तुले भरोसा नसन," ती वरून म्हणाली. "माझ्याचा मले आहे."

गाडी गेली. सगळे रस्त्याकडे बघत थांबलो. दीड तासानं गाडी रिकामी परत आली, बाया वर गाणं म्हणत होत्या. तो पास झाला.

घरी नवऱ्यानं तिन्ही विटा एकेक करून बाहेर फेकल्या. मला मारलं मात्र नाही. खाणीवर मी आले की पोरीबाया म्हणायच्या, "दार उघडा वो, बाई आली." महिनोन्‌महिने हेच. शिकवायचा तोच ट्रक बपेऱ्याकडच्याच्या हाती दिला आणि बाकीच्या चौघी त्यावर गेल्या; मला दुसऱ्या ट्रकवर काम दिलं, माझ्या जागी दुसरी बाई गेली. मी त्या ट्रकखाली जाणं सोडलं. ओल आहे का, बघायलाही गेले नाही. माझं कोणी ऐकणार नव्हतं, असं मी तेव्हा मनाला सांगत होते. अजूनही तेच सांगते.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दुपारी, तो ट्रक तलावात गेला. आम्ही सायडिंगवर होतो. माणसं पळताना दिसली, आम्हीही पळालो. पाण्याबाहेर फक्त टपाचा कोपरा आणि उजव्या दाराची वरची कड होती. ते दार, ड्रायव्हरचं, सताड उघडं होतं.

बपेऱ्याकडचा उताराच्या कडेला चिखलात बसला होता. हात मोडला होता, बाकी काही नाही. वरच्या पाच जणींपैकी दोघी पोहून निघाल्या. तिघी दगडांखाली गेल्या. त्यांत त्याची बायको होती.

तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "दोनदा मारला, वहिनी. तीनदा मारला." मग त्याला घेऊन गेले. उस्ताद तेव्हा दुसऱ्या खाणीवर शिकवत होता. त्याला कोणी काही विचारलं असेल तर मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही गावी परत आलो. धान लावलं, कापलं. नवऱ्याचा खोकला गेला नाही. पुष्कळ वर्षांनी, मी तांदूळ निवडत होते, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "मी असतो त उडी मारली असती का?"

मला परात आठवली, आणि हवेत धरलेला त्याचा उजवा हात.

"मारली असती," मी म्हणाले. "तुमाले तेच शिकवलं होतं."

 "जेवाले वाढ," तो म्हणाला. मी वाढलं. तो प्रश्न त्यानं पुन्हा कधी काढला नाही. पण घरी पाहुणा आला की सांगायचाच, मी ड्रायव्हर होणार होतो, हिनं होऊ दिलं नाही. मी पाहुण्याला चहा द्यायची.