छत्तीस गुणांचं इंजिन

कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आमचे शेजारी गुरुप्रसादअण्णा पत्रिका जुळवतात. हुबळीतली निम्मी मराठी घरं त्यांना विचारल्याशिवाय सोयरीक करत नाहीत. अण्णा चष्मा पुसतात, नाडी बघतात, गण बघतात आणि शेवटी हमखास स्वतःचा दाखला देतात, "आमचे बत्तीस गुण जुळले होते. बघा, संसार कसा चाललाय!" त्यांच्या पत्नी अंबूताई चहा ठेवतात आणि आत जातात. हे भाषण मला पाठ आहे आणि दर वेळी माझं डोकं उठतं.

यंदा अण्णांच्या डोक्यात त्यांची जुनी मोटारसायकल शिरली. धारवाडच्या वाटेवर चढ आला की ती धापा टाकायची. अंबूताईंनी अटच घातली, "खंडेनवमीला हिच्यावरनं मला माहेरी धारवाडला न्यायचं. नाही जमलं तर हिला भंगारात घाला." लग्न झाल्यावर त्यांना घरी आणलं ते याच गाडीवरून. अण्णांचा जीव तिच्यात अडकलेला.

इंजिनाच्या डोक्यावरचा भाग म्हणजे हेड; त्या जुन्या हेडचे व्हॉल्व्ह घासून नीट बसवले असते तर भागलं असतं. पण अण्णा दिवसभर इंजिनांचे व्हिडिओ बघत होते. मोठ्या व्हॉल्व्हचं हेड कोइमतूरहून आलं. व्हॉल्व्ह जास्त खोल ढकलणारा कॅम पुण्याहून आला. स्प्रिंगा आणखी कुठून तरी आल्या, त्या इतक्या कडक की अंगठ्यानं दबेनात. वस्तू आली की मला हाक, "घराणं बघा हो हिचं!" कोप्पीकर रोडवरच्या दुकानदाराला तर त्यांनी कॅमचं मूळ गाव विचारलं. ही सगळी मंडळी एका इंजिनात नांदतील का, हे मात्र कुणालाच विचारलं नाही. आणि हा माणूस लोकांचे गुण जुळवतो!

जुन्या हुबळीत किरणचं गॅरेज आहे. त्यानं सगळं सामान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "नोडोणरी." म्हणजे बघू या. आमच्या गावात याचा अर्थ 'नको' असा घ्यायचा असतो. न जुळलेली पत्रिका परत देताना अण्णा स्वतः हेच म्हणतात. पण हौस चढली की ऐकू कमी येतं. अण्णांनी हट्टानं सगळं त्याच्याकडून बसवून घेतलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अण्णांनी किक मारली. आत खट्‌कन वाजलं. खोलून पाहिलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकलेला. कॅम उत्तम, व्हॉल्व्ह उत्तम, पण दोघांना एकत्र राहायला जागाच नव्हती. मी पोट धरून हसलो. मग अण्णांचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत किरणनं जुनंच हेड घासूनपुसून जुन्या कॅमसकट परत चढवलं.

सकाळी झेंडूची माळ घालून गाडी दारात उभी राहिली. पूजा झाली. लिंबं चाकांखाली ठेवली. अण्णांचा आवाज पडला होता.

"सगळं जुनंच आहे हो. नव्याचे गुण जुळले नाहीत. आपले जसे बत्तीस..."

"आपले कुठं जुळले होते?" पदर खोचून मागे बसता बसता अंबूताई म्हणाल्या. "नाडी एकच निघत होती. आमच्या अप्पांनी माझी जन्मवेळ सरकवून पत्रिका करून घेतली."

अण्णांचा पाय किकवरच राहिला. "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"नोडोण म्हटलं."

अण्णांनी किक मारली. गाडी लगेच सुरू झाली.