आमच्या केबलवरची पटाची चिरफाड

धान निघालं की नागभीडच्या आसपास गावोगावी शंकरपट भरतात. दिवसभर बैलजोड्या धावतात आणि संध्याकाळी लोक त्याच जोड्या आमच्या गावच्या केबलवर पुन्हा धावताना बघतात. जोडी का जिंकली, का हरली, याची चिरफाड करणाऱ्या त्या कार्यक्रमाचा निवेदक मी. माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तोंड मोठं आहे, म्हणून मला बसवलं. मागे लग्नाच्या फोटोंसाठी आणलेला धबधब्याचा पडदा, पुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. शेजारी तज्ज्ञ म्हणून माझे बाबा, कारण बाकीचे तज्ज्ञ एकमेकांशेजारी बसायला तयार नव्हते.

कार्यक्रमाला नियम एकच. हरलेल्या धुरकऱ्याला, म्हणजे जोडी हाकणाऱ्याला, वाट्टेल ते बोला. बैलाला नावं ठेवायची नाहीत. सुरुवातीला एका बैलाला मी सुस्त म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी मालक बैल घेऊनच दुकानात हजर. "आता म्हन याच्या तोंडावर!" मी म्हणालो नाही. बैलाने तेवढ्यात फोटोला घातलेला झेंडूचा हार खाल्ला.

त्यामुळे आमच्याकडे बैल कधी हरतच नाही. माती ओली असते, नजर लागलेली असते, नाहीतर शेजारच्या जोडीचे घुंगरू फार वाजतात. हे सगळं मी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो.

यंदा आमचीच जोडी हरली. हाकायला स्वतः बाबा होते. शेवटपर्यंत पुढे असलेली जोडी रेघेच्या अलीकडे एकदम थबकली. घरी येईपर्यंत बाबांनी गावभर सांगून टाकलं, की डावा बैल थकला, सकाळी त्याला मामाकडे पोचवणार, नांगराला. मला ते फार झोंबलं. त्याची माय लवकर मेली, तेव्हा या बैलाला बाटलीने दूध मी पाजलं होतं. पण घरात बाबांपुढे बोलायची सोय नाही. म्हटलं, संध्याकाळी बघू. तिथे निदान माइक माझ्या हातात असतो.

"डाव्यानं पायच नाई उचलला," बाबा कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले. "बुडा झाला तो."

आपलाच नियम मोडून स्वतःच्याच बैलाला बोल लावणारा हा पहिला माणूस. मी तोंड उघडणार, तोच फोन वाजला. प्रेक्षकांचे फोन आम्ही थेट घेतो.

"बोला ताई, कुठून बोलून राह्यल्या?"

"घरून. तुयी माय होय मी."

सगळं गाव ऐकत होतं.

"तुया बाबाले सांग, मुक्या जनावराले बोल नका लावू. ते धावनं लाव पुन्हा, हळूहळू."

समोरच्या टीव्हीवर लावलं. दोन्ही बैल मान खाली घालून सुसाट येतायत. आणि रेघ अजून पुढे असताना मागे रेलून, दोन्ही हातांनी दोरी ओढतायत ते बाबा.

"आता विचार त्याइले, दोरी काऊन वढली?"

"लाल झंडी दिसली ना मले," बाबा चिडून म्हणाले. "मंग वढू नाई का?"

मी चित्र थांबवलं. शर्यत संपल्याची झेंडी दाखवणारा बराच पुढे, रेघेवर उभा होता. त्याच्या अलीकडे, नवी लाल शाल पांघरून, जोरजोरात हात हलवत उभी होती माझी आई. पट बघायला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, तीही माझ्या आग्रहाने.

मला हसू आवरेना. बायको हात हलवतेय आणि नवरा जिंकत आलेली जोडी थांबवतोय! मी बोटाने आई दाखवली. बाबा उठले, टीव्हीला नाक लागेल इतके वाकले, आणि भलत्याच कोपऱ्यात बघत म्हणाले, "कुठी?"

माझं हसू तिथेच विरलं. स्टुडिओच्या दिव्याने डोळ्यांत पाणी येतं, असं ते किती दिवसांपासून सांगत होते आणि मी खुशाल दिवा बाजूला सरकवत होतो. मला चक्क भीती वाटली.

फोनवर आईनेही ते "कुठी" ऐकलं असणार. चारचौघांत ती बाबांशी कधी थेट बोलत नाही. आता बोलली.

"अवं, मी होती ते. मी नाई दिसली तुमाले?"

"लाल दिसलं," बाबा हळूच म्हणाले. "तू नाई दिसली."

मग बाबा खुर्चीत बसले आणि कॅमेरा जिथे असावा असं त्यांना वाटलं, तिकडे बघून म्हणाले, "डाव्याची काई चूक नाई. माह्या डोयाची होय."

"बैल कुठी जात नाई," आई म्हणाली. "सकायी पयल्या गाडीनं गडचिरोलीले जाऊ, डोये दाखवाले."

"आन् जोडी कोन हाकन?"

"पयले मी दिसली पायजे," आई म्हणाली. "मंग पाहू बैलाचं."