दिरांचा एकमेव ऑब्जेक्ट

माझे धाकटे दीर अठरा वर्षं एकाच कंपनीत जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितात, आणि त्यातली सतरा स्वतः लिहिलेल्या एका क्लासचं, म्हणजे प्रोग्राममधल्या एका साच्याचं, कौतुक करण्यात गेली. प्रोग्रामला लागणारी सगळी सेटिंग्ज फाइलमधून एकदा वाचायची आणि त्या साच्यातून काढलेल्या एकाच नगात, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये, ठेवायची: सर्व्हरचा पत्ता, किती वेळ थांबायचं, किती वेळा प्रयत्न करायचा. दुसरा ऑब्जेक्ट कुणाला बनवताच येणार नाही, अशी तजवीज. ज्याला जे हवं, त्याने तिथे जाऊन मागायचं. नव्या नवरीचंही इतकं कौतुक त्यांनी केलं नव्हतं, जाऊबाईंना विचारा.

माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी त्यांच्याच हाताखाली लागली. सहा महिन्यांनी तिला कायम करायचं की काढायचं, हे दिरांच्या सहीवर. तिला प्रोग्राम नीट चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या लिहायला बसवलं. एकेकटी चालवली की प्रत्येक चाचणी पास. सगळ्या एकत्र चालवल्या की निम्म्या नापास. एकीने प्रयत्नांची संख्या शून्य केली की ते शून्य त्या एकमेव ऑब्जेक्टमध्ये तसंच राहायचं आणि पुढची बिचारी त्यावर आपटायची.

दिरांचा उपाय काय, तर चाचण्यांच्या नावांपुढे आकडे घालायचे आणि त्याच क्रमाने चालवायच्या. अशा त्रेचाळीस त्यांनी स्वतः रांगेत उभ्या केल्या होत्या. याला ते शिस्त म्हणतात.

मुलीचं म्हणणं साधं होतं. ज्या क्लासला सेटिंग लागते, त्याने ती मागायला जायचंच नाही. तो तयार होतानाच ती त्याच्या हातात द्यायची. प्रोग्राममध्ये खरी, चाचणीत चाचणीपुरती. ऑब्जेक्ट एकच राहील, फक्त सुरुवातीला एका जागी बनेल. तिने एकोणीस चाचण्या तशा लिहिल्यासुद्धा.

रविवारी दीर जेवायला आले आणि माझ्यासमोरच तिला म्हणाले, "माझ्या क्लासला हात लावून कायम व्हायची स्वप्नं बघू नकोस."

मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय. गप्प बसणं मला जमत नाही.

"भाऊजी, एकाने वापरलेली परीक्षानळी न धुता दुसऱ्याला दिली असती, तर मला कॉलेजने ठेवलं असतं का?"

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही."

"नळी घाण आहे एवढं कळतं."

पुढच्याच आठवड्यात कंपनीने चाचण्यांसाठी नवं मशीन आणलं. ते एका वेळी चार चाचण्या चालवतं, वाटेल त्या क्रमाने. दिरांच्या त्रेचाळीसपैकी एकतीस नापास. मुलीच्या एकोणीसच्या एकोणीस पास. दिरांनी आधी मशीनला दोष दिला, मग नेटवर्कला, मग विजेला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी तिला कायम करण्याच्या कागदावर सही केली. मुलगी भाबडी, साहेबांना पटलं म्हणून सांगत आली. कसलं पटतंय! त्या एकतीस चाचण्या कुणीतरी नीट करायला हव्या होत्या, आणि त्यांना स्वतःला ते येत नव्हतं.