कुंकू लागलेली डिस्क आणि लांजेवार सर

लांजेवार सरांची नि माझी पहिली ओळख बोलणी खाता खाता झाली, असं मी सांगते. सर म्हणतात, त्यांनी बोलणी दिलीच नव्हती. ते फक्त म्हणाले होते, "ताई, डिस्कले कुंकू कोणं लावलं?"

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. माझं शिक्षण सातवी, तेही ओढूनताणून. सरांचं ज्ञान शिकलेले लोक लिहितील. माझ्यासमोर जे घडलं, तेवढं मी लिहिते.

पवनीत आमचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. यजमान कॅमेरा धरतात, मी कॉम्प्युटरवर फिल्म जोडते. लग्न मे महिन्यात आणि फिल्म दिवाळीत, ही आमच्या धंद्याची रीतच. त्या वर्षी एकोडीच्या एका लग्नाची फिल्म राहिली होती. त्या मुलीच्या आईनं लग्न पाहिलंच नव्हतं. हळदीच्या दिवशी अंगणात घसरून पाय मोडला, आणि मंगलाष्टकं चालू होती तेव्हा ती भंडाऱ्याला दवाखान्यात, पायाला प्लास्टर. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. "ताई, माया पोरीचं लगन मले कधी दिसन?"

"दिवाळीले. घाई नोको करू," मी म्हणायची.

दसऱ्याला जो तो आपली अवजारं पुजतो. मी कॅमेरा पुजला, कॉम्प्युटर पुजला, आणि टेबलावर उघडी पडलेली हार्ड डिस्कही पुजली. तिची हिरव्या सर्किट-पाटीची बाजू वर होती. तिच्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढली, पाणी शिंपडलं आणि काम राहिलं होतं म्हणून लगेच वायर जोडली. जळका वास आला. एकोडीचं लग्न त्या एकाच डिस्कवर होतं. कॅमेऱ्याच्या कार्डावर तोवर दुसरी लग्नं चढली होती.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन सरांच्या पडवीत गेले. दिवसा सर मुलांना कॉम्प्युटर शिकवत आणि संध्याकाळी घरी दुरुस्ती करत. कुंकवाचं विचारून झालं, तशी मी म्हटलं, "झाकण खोला नं सर, आत पाहा."

"झाकण खोललं तं उरलंसुरलंही जाईन." आणि सर समजावायला बसले. सरांचा हा एकच दोष. समजावायला बसले की चहावर साय येते.

"मले शाळा नोको, सर. लगन पाह्यजे."

"दहा मिनिटं बसा. नाही तं पुढच्या दसऱ्याले पुन्हा याल."

बसले. आत आरशासारख्या चकत्या फिरतात, त्यांना प्लॅटर म्हणतात. वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, वर तरंगतं. मध्ये धुळीचा कणही मावत नाही, म्हणून झाकण खोलायचं नाही. चकतीवर गोल गोल ट्रॅक, ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर. "वावरातले धानाचे तुकडे, बांध्या समजा," सर म्हणाले. "कोणती फाइल कोणत्या बांधीत, त्याचा सातबारा वेगळा. फाइल डिलीट केली म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं. धान उभाच राहते, दुसरं कोणी पेरत नाही तोवर. तुमच्या बांध्या शाबूत असतीन. जळलं ते वावराचं फाटक."

ते फाटक म्हणजे हिरवी पाटी. अगदी तशीच पाटी शोधायला सरांना बारा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत एकोडीचा फोन वाजायचा आणि मी उचलायची नाही. सरांच्या पडवीतच एकदा वाजला.

"उचला," सर म्हणाले. "जळलं म्हणून सांगा. परत येईन का नाही हे माहीत नाही, तेही सांगा."

सांगितलं. ती बाई म्हणाली, "तू तं पाह्यलं होतं ना लगन? मंग सांग, कोणता शालू नेसली होती?"

माझ्यासारखी तडकाफडकी बोलून मोकळी होणारी बाई, पण पाऊण तास सांगत बसले. शालूचा रंग, जावयाचा फेटा, पोरगी कुठं रडली, सगळं. त्या दिवशी माझ्या सांगण्यानं सरांच्या चहावर साय आली.

पाटी मिळाली. जुन्या पाटीवरची मुंगीएवढी चिप सरांनी भिंगातून उचलून नवीवर बसवली. त्या डिस्कच्या खाणाखुणा त्या चिपमध्ये असतात म्हणे. वायर जोडली. डिस्क फिरू लागली, फायली दिसल्या. तेव्हा सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि स्वतः तोंड फिरवून बसले. "दुसऱ्याच्या घरचं आहे. तेच लगन आहे का, तुम्ही पाहा." इतकी वर्षं लोकांच्या डिस्क त्यांच्याकडे येतात, कुणाचा फोटो त्यांनी उगाच उघडलेला मी पाहिला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन कॉपी करायला लावल्या. एक दुकानात, एक दुसऱ्या गावी. तेव्हापासून आमची दुसरी कॉपी माझ्या माहेरी, सिहोऱ्याला, आईच्या पेटीत असते.

दिवाळीत फिल्म घेऊन मी स्वतः एकोडीला गेले. त्या माऊलीनं अंतरपाटाचा भाग तीनदा मागं घेऊन पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगितला होता तोच शालू हाय." सरांनी त्या दिवशी फोन उचलायला लावला नसता, तर हे वाक्य मला ऐकता आलं नसतं.

सर, तुम्हीच शिकवलं, ज्याची दुसरी कॉपी नाही ते जपून वापरावं. तुमची दुसरी कॉपी कोणत्याच गावात नाही. म्हणून बीपीची गोळी रोज घ्या, चहा गरम असताना प्या आणि शंभर वर्षं आम्हाला असंच समजावत बसा. दर दसऱ्याला मी तुम्हाला ओवाळायला येईन. कुंकू लावीन, पाणी शिंपडणार नाही.