चिमणीच्या पाठीवरची बोटं

“एक ठेवून देईन!” हे वाक्य मिरचीच्या तोंडात दिवसभर असायचं. ग्लास उष्टा टाकून पळणाऱ्या गिऱ्हाइकाला, लिंबांच्या टोपलीत तोंड घालणाऱ्या बकरीला, वेळ पडली तर डोक्यावरच्या उन्हालाही. कोपऱ्यावर लिंबाच्या सरबताची गाडी आणि मालकिणीला अख्खा बाजार म्हणतो मिरची, यातच काय ते आलं. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली, पण कुणाच्या ताटातलं फुकट खायचा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून लगेच गाडी टाकली. पुढे लिंबं पिळायच्या यंत्रात उजवी करंगळी अर्धी गेली, तेव्हा दवाखान्यात जाण्याआधी तिने त्या यंत्राला सणसणीत शिव्या हासडल्या होत्या.

एवढं असून तिने आजवर एकालाही ठेवून दिली नव्हती. गर्जेल तो पडेल काय! भावाची पाच वर्षांची चिमणी तर ते ऐकल्याशिवाय घासच गिळायची नाही. आईबाप दोघं कामावर, त्यामुळे पोर जन्मल्यापासून आत्याच्याच अंगाखांद्यावर. मिरचीला मूलबाळ नव्हतं आणि चिमणी आल्यापासून त्याची आठवणही होत नव्हती.

मग ती सकाळ आली. भावजयीने चिमणीला आंघोळ घालता घालता हाक मारली. मिरची हातातलं काम टाकून धावली.

“ताई, हे काय आहे?”

चिमणीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लालभडक बोटं उमटली होती. एकदोन ठिकाणी टरटरून फोड आले होते. डाव्या बाजूचं सगळ्यात खालचं बोट अर्धंच होतं.

“अगं, मी कशाला मारीन तिला?”

“रोज म्हणता की.”

भाऊ आला, त्याने पाठ पाहिली आणि मग बहिणीच्या तोंडाकडे न बघता तिच्या हाताकडे बघितलं. “ताई, रागाच्या भरात झालं असेल तर सांगून टाक.”

“मला कुणी नाही मारलं,” चिमणी म्हणाली.

“घाबरलीय पोर,” भावजय म्हणाली. तिने मुलीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. “आजपासून हिला हात लावायचा नाही, ताई.”

दवाखान्यात जाताना पुढे चिमणीला घेऊन भाऊ, त्याच्या बाजूला भावजय आणि मागे मिरची. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, पण पाय घरात राहीनात. चालता चालता तिने परवाची दुपार पुन्हा पुन्हा आठवून बघितली. गच्चीवर चिमणी पाण्याच्या टबात खेळत होती, बाहेर यायला तयार नव्हती, आपण ओरडलो होतो. पण नुसतं ओरडलोच ना? रागात माणसाला भान राहत नाही म्हणतात. नेहमी वाघिणीसारखी गुरगुरणारी ती बाई त्या रस्त्यावर स्वतःच्या हातालाच भ्याली. उजवा हात तिने काखेत दाबून धरला.

डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. “तुम्ही सगळे बाहेर थांबा. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय.”

बाहेरच्या बाकावर भाऊ हळूच म्हणाला, “पोलिसांना कळवतील का गं?”

“कळवू देत,” भावजय म्हणाली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मिरची हे ऐकत होती. तुरुंगाची भीती तिला वाटलीच नाही. चिमणी आता आपल्याला परत मिळत नाही, एवढंच तिला कळत होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि तिला एकटीला आत बोलावलं.

“उजवा हात दाखवा.”

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं आणि न टेकवता तो हात चिमणीच्या पाठीजवळ नेला. बोटावर बोट बरोबर बसलं. अर्धी करंगळीसुद्धा.

“हात माझाच आहे,” मिरची म्हणाली. “पण मी मारलं नाही हो. आईशप्पथ नाही.”

डॉक्टरीणबाईंनी हात उलटा केला. मागच्या बाजूला, पार मनगटाच्या वरपर्यंत, ओघळल्यासारखे तपकिरी डाग होते.

“हे कशाचे?”

“कामाचे. घासून जात नाहीत मेले.”

“काम काय करता?”

“लिंबं पिळते.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “हिला एवढ्यात उन्हात उचललं होतंत?”

“परवा. गाडी सोडून तशीच गच्चीत गेले आणि टबातून काढली.”

“हात धुतले होते?”

“फडक्याला पुसले की. मग ही तशीच उघडी ऊन खात बसली.”

भाऊ-भावजयीला आत बोलावून डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लिंबाच्या सालीत आणि रसात एक द्रव्य असतं. ते अंगाला लागून वर कडक ऊन पडलं की कातडी भाजते, आणि ते दिसतं एकदोन दिवसांनी. “मार असता तर तेव्हाच लाल झालं असतं आणि आज निवळलं असतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे यांना काही झालं नाही; हाताच्या मागचे डाग मात्र त्याचेच. मुलीची कोवळी. लिंबू खुशाल प्या, पण पिळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. फोड बरे होतील, डाग मात्र काही महिने राहतील.”

भावाने डोळे पुसले. भावजयीची मान वर होईना. मिरची सुटली होती, पण तिला हायसं वाटलं नाही. मारलं नसलं तरी पोरीला भाजलं आपणच. आणि घरच्यांना ते मारणंच वाटलं, याचं दुःख तर सांगायचीही सोय नव्हती.

भावजय घरी येऊन “चुकलं माझं, ताई” म्हणाली. मिरची “असू दे” म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर ती चिमणीला उचलीना, तिच्या जवळ बसेना, कुणावर ओरडेना. बकरीने एकदा अर्धी टोपली फस्त केली, तरी ही नुसती बघत राहिली. चिमणीच्या पाठीवरची बोटं लाल होती ती तपकिरी झाली, आणि घर असं गप्प झालं की भाऊ उगाचच खोकायचा.

एका संध्याकाळी भावजय ताट घेऊन मिरचीपुढे येऊन उभी राहिली. दुसऱ्या हातात चिमणीचं मनगट होतं.

“ताई, इतके दिवस झाले, ही माझ्या हातून धड जेवत नाही. तुम्ही द्या बरं एक ठेवून.”

मिरचीने वर बघितलं. भावजय हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

मिरची उठली. नळाखाली साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग येऊन खाली बसली, चिमणीला मांडीवर ओढलं आणि घास केला.

“गिळतेस की नाही? एक ठेवून देईन!”

चिमणीने लगेच आ केला.