टायसुद्धा न सोडलेला नट

व्हॅन नाइस या उपनगरातल्या तसल्या सिनेमांच्या धंद्यात ऑर्विल टिबेट्सची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: पडद्यावर त्याने कधी गळ्यातला टायसुद्धा सोडला नव्हता. तो न्यायाधीश व्हायचा, डॉक्टर व्हायचा, नायिकेचा कडक बाप व्हायचा. ओहायोहून तो आला होता मोठा नट व्हायला. ते जमलं नाही. पण आवाज खणखणीत होता, आणि पोट होतं.

तेव्हा हे सिनेमे फिल्मवर निघत, थिएटरात लागत. त्यांना गोष्ट असे. कोर्टाचा देखावा उभा करायलाच दोन दिवस जात. दिग्दर्शक सॅल म्हणायचा, "बाकीची मंडळी कपडे काढायच्या आधी कुणीतरी धड बोलायला नको का? ते काम ऑर्विलचं."

त्याची बायको डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. नवरा कसल्या सिनेमात असतो हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी बटाटे सोलता सोलता ती त्याची वाक्यं पाठ करून घ्यायची. मात्र त्याचं काम तिने एकदाही पाहिलं नव्हतं. त्या थिएटरांत बायका पाऊल टाकत नसत, आणि ऑर्विलनेही कधी चल म्हटलं नाही.

मग घरोघरी व्हिडिओ आला. फिल्म गेली, टेप आली. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस, दिवे लावणारा एक, आणि भाड्याचं घर. सकाळी सुरू केलं की संध्याकाळी सिनेमा तयार. ऑर्विलची कामं रोडावत गेली. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये सॅलने त्याला बऱ्याच दिवसांनी बोलावलं. ऑर्विल दोन पानी भाषण घोकून, बूट चमकवून गेला.

"भाषण राहू दे," सॅल म्हणाला. "दार उघड, 'आत या' म्हण, आणि जा."

"अरे, पण मी घरमालक आहे ना? भाडं थकलंय म्हणून मी चिडलेला..."

"ऑर्विल, ऐक माझं. लोकांच्या हातात आता टेप पुढे पळवायचं बटण आलंय. तू तोंड उघडलंस की ते दाबतात आणि तू पळतोस. टेपा भाड्याने देणारे दुकानदारच सांगतात मला." सॅलला स्वतःलाही ते बोलताना जड जात होतं. "मला काय हौस आहे? मीही पूर्वी कोर्ट उभं करायचो की!"

ऑर्विलने दार उघडलं, 'आत या' म्हटलं आणि तो दुपारीच घरी आला.

बैठकीत टीव्ही चालू होता. डोरीन जमिनीवर, अगदी पडद्याजवळ बसली होती. पडद्यावर उघडीवाघडी माणसं भराभर पळत होती. मग तिने मशीनच्या बटणावरचं बोट उचललं. चित्र संथ झालं आणि काळा झगा घातलेला ऑर्विल न्यायासनावरून बोलू लागला. ती हनुवटीवर हात टेकून ऐकत राहिली. त्याचं बोलणं संपलं तशी तिने पुन्हा टेप पळवली.

"डोरीन?"

ती दचकली. "लवकर आलास? मी... शेजारणीकडून मशीन आणलंय. टेपा कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, तुझ्या जुन्या सिनेमांच्या."

"तसल्या टेपा ठेवतात त्या पडद्यामागच्या खोलीत गेलीस तू?"

"गेले. मला काय कुणी खातंय?" मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं वाक्यं मी पाठ करून घेतली. एकदा तरी बघायला नको?"

ऑर्विल टोपी हातात धरून उभाच राहिला. शेवटी म्हणाला, "कसा वाटलो?"

"न्यायाधीश झकास. डॉक्टर म्हणून मात्र उगीच पुटपुटतोस."

"तेव्हा सर्दी होती मला!"

"मग दिसतेय सर्दी. बस इथे."

तो बसला. झगा चर्चच्या गायकांकडून मागून आणला होता, हे त्याने सांगितलं तेव्हा ती पोट धरधरून हसली. सॅलकडे काय झालं तेही सांगितलं. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

टेपा सहाच्या आत परत द्यायच्या होत्या. दोघं चालतच गेली. ऑर्विल बाहेर थांबणार होता, पण तिने त्याला दंडाला धरून आत नेलं. दुकानदार टेपांवरची नावं आणि या दोघांची वयं पाहून गालात हसला.

"कशा होत्या, बाई? आणखी तसल्याच देऊ?"

"तसल्या नकोत," डोरीन म्हणाली. "यांचं काम असलेल्या द्या. हे न्यायाधीश."